पुनवेचा धूर

१

शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी बारामतीतून स्कूटर काढते आणि थेट कळसची आमची वस्ती गाठते. गेली दोन वर्षं हा नेम चुकलेला नाही. पोचले की सोनम, माझी भावजय, चहा टाकते आणि मी शकुआत्याच्या बाजेवर बसून त्या आठवड्यात दत्तोबांबद्दल काय हाती लागलं ते तिच्या कानात ओरडून सांगते. बहुतेक वेळा काहीच लागलेलं नसतं. मग तेही ओरडून सांगते.

दत्तोबा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. शकुआत्या त्या दोघांची धाकटी बहीण. आज वय पंचाऐंशीच्या पुढे, कानाने पार गेलेली, जिभेने मात्र खणखणीत. नात्याने ती माझ्या वडिलांची आत्या, पण घरातले लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणतात. दत्तोबा पुण्याला मामाकडे राहून शिकले, विमान चालवायला शिकले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर बॉम्ब टाकायला गेले. ते परत आले नाहीत. बेपत्ता झाल्याची तार तेवढी आली. गावाचा मात्र यातल्या कशावरच विश्वास नाही. "पायलट कसला घेऊन बसलाय, म्हमईला पळून गेला आसंल," असं माझ्या तोंडावर सांगणारे शहाणे आमच्याकडे आहेत.

मी शाळेत भूगोल शिकवते आणि स्वभावाने हट्टी आहे. आत्याने एकदा माझा हात धरून विचारलं होतं, "माधवे, माझ्या दादाचं काय झालं, मी हाय तवर सांगशील का गं?" मी हो म्हणाले. त्यानंतर दिल्लीला अर्ज केले, लोकांची दारं वाजवली, निवृत्त अधिकाऱ्यांना फोन करून करून नकोसं केलं. आत्याचे डोळे मिटायच्या आत तिला उत्तर द्यायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आमच्या घरासमोर उसाच्या मधोमध एक लांब पट्टी मोकळी सोडलेली आहे. तिला दादाची पट्टी म्हणतात. शेवटच्या रजेवर आले तेव्हा दत्तोबा आईला म्हणाले होते, माघी पुनवेच्या जत्रेला येईन, आधी विमानातून आपल्या रानावर एक फेरी मारीन, मोकळी पट्टी ठेवलीस तर उतरेनसुद्धा. वरून सगळी रानं सारखीच दिसत असतील, मग आपलं कसं ओळखशील, असं आईने विचारलं. ते काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मी धूर करती. धुरावर ये."

तेव्हापासून दर माघी पुनवेला दुपार कलली की पट्टीच्या टोकाला, अगदी आमच्या अंगणाला लागून, गोवऱ्या पेटवायच्या आणि त्यांवर उसाच्या पाल्याचं ओलं पाचट टाकून धूर करायचा. आधी आई करायची, ती गेल्यावर शकुआत्या करायला लागली. गाव हसतं. मला कधी हसू आलं नाही. नुसती वाट बघणं फार अवघड असतं, त्यापेक्षा हाताला काहीतरी काम असलेलं बरं.

२

माघ लागला त्या शनिवारी मी गेले तेव्हा माझा भाऊ रणजित ड्रोनने उसावर फवारणी करत होता. बांधावर उभा राहून तो हातातल्या पडद्याकडे बघत होता आणि वर ते यंत्र भुंग्यासारखं गुणगुणत होतं. मी त्याच्या खांद्यावरून डोकावले. आमचं रान मी जन्मापासून पायांनी ओळखते, वरून कधी पाहिलं नव्हतं.

हिरव्यागार उसात गोल गोल टक्कल पडलेलं होतं.

"हे काय रे?"

"हुमणी," रणजित म्हणाला. "मुळं खाती आन् ऊस बसतो. औषध सोडलंय."

हुमणी मला माहीत आहे. शेतकऱ्याची पोर आहे मी. हुमणीने खाल्लेला ऊस कुठेही कसाही वाळतो, इथे एक ठिगळ, तिथे एक ठिगळ. हे गोल मात्र दोरी धरून लावल्यासारखे एका ओळीत होते. रानाच्या पार पलीकडच्या बांधापासून ओळ सुरू होत होती आणि सरळ अलीकडे येत होती. पलीकडचे गोल जुने असावेत, त्यांच्यात ऊस खुरटा का होईना पण वर आला होता. अलीकडचे अजून उघडेबोडके होते.

"ड्रोन जरा घराकडं घे," मी म्हणाले.

त्याने घेतला. ओळीच्या रेषेत बोट पुढे सरकवत नेलं तर ते आमच्या अंगणालगतच्या त्या काळ्या डागावर जाऊन टेकलं. धुराची जागा.

"योगायोग गं ताई," रणजित म्हणाला. "तू शाळेत पोरांना नकाशे शिकीवती, तुला समदीकडं रेघाच दिसत्यात."

हे खरंच होतं. मी चहा प्यायले आणि आत्याच्या कानात ओरडले की या आठवड्यातही काही कळलं नाही.

३

पण डोक्यातून ती ओळ जाईना. पुढच्या शनिवारी मी साडीचा पदर खोचला, खुरपं घेतलं आणि उसात शिरले.

उभ्या उसात चालताना पानं हातातोंडाला कापतात आणि सतत एक सळसळ चालू असते. वारा नसला तरी असते. अंगणापासून सगळ्यांत जवळच्या गोलाच्या कडेला मी पोचले आणि ती सळसळ थांबली. माझ्या मागे ऊस हलत होता, मला दिसत होता, पण आवाज नव्हता. मी कानात बोट घालून हलवून पाहिलं. सर्दीने कानाला दडे बसतात कधी कधी.

गोलाच्या कडेचा ऊस चहूबाजूंनी बाहेरच्या अंगाला कलंडलेला होता. मधूनच कुणीतरी जोरात ढकलल्यासारखा. आदल्या दिवशीच रणजितने पाटाचं पाणी दिलेलं, माझ्या चपला चिखलाने जड झालेल्या. गोलातली माती मात्र कोरडी ठक्क होती आणि चाळून ठेवल्यासारखी बारीक. मी खुरप्याने उकरलं. हुमणीची एक अळी निघाली असती तर मी देवाला नारळ फोडला असता. अळी नव्हती, मुळं नव्हती, गांडूळ नव्हतं. हातभर खाली गेल्यावर माती कोमट लागली. उकिरडा आतून तापतो, हे मी स्वतःला सांगितलं. पण तिथे उकिरडा कधीच नव्हता.

बाहेर आले तेव्हा आत्या अंगणात ऊन खात बसली होती. माझ्या हाताची माती बघून तिच्या तोंडावर हसू पसरलं. लहान पोरीचं गुपित कुणीतरी ओळखावं तसं.

"दिसलं व्हय तुला?"

"काय आहे ते आत्या?" मी ओरडले.

"दादा हाय माझा," ती म्हणाली. "दरसाली पुनव झाली का यक नवा पडतो. आय हुती तवा पार तकडं, वड्याला पडायचा. आय म्हणायची, लांब चुकतंय लेकरू. मंग बांधावर आला. मंग रानात आला." तिने थरथरत्या बोटाने उसाकडे दाखवलं. "आता बग कसा दारात आलाय. औंदा घावतंय बग त्याला घर."

"हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? हितं तो व्हता यावरच कुणाचा इस्वास न्हाय."

मला तिची दया आली आणि स्वतःचा रागही आला. दोन वर्षं मी दिल्लीपर्यंत कागद धाडत होते आणि म्हातारी इथे अंगणात बसून खड्डे मोजत होती. मनात म्हटलं, हे लवकर संपवायला हवं. काय झालं ते नक्की कळलं, की तिचं हे वाट बघणं सुटेल. त्या रात्री मी सगळ्यांना पुन्हा फोन केले.

४

फोनला उत्तर आलं ते संभाजीरावांचं. हवाई दलातून निवृत्त झालेले, पुण्याला राहणारे, आणि महायुद्धातल्या आपल्या वैमानिकांचा माग काढायचा छंद असलेले गृहस्थ. लेकीकडे बारामतीला येणार होते. शनिवारी शाळा सुटल्यावर या, म्हणाले. त्या दिवशी माघी पुनव होती. मनात म्हटलं, छानच झालं, इथूनच कळसला जाईन आणि धूर चालू असतानाच आत्याला सांगेन.

संभाजीरावांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि मगच बोलले.

"तुमचे दत्तोबा पायलटच होते. त्या स्क्वाड्रनमधल्या एका अधिकाऱ्याच्या मुलाशी माझी ओळख आहे, त्याच्या वडिलांच्या बोलण्यात दत्तोबांचं नाव सारखं यायचं. फार चांगला नेम होता म्हणे."

माझे डोळे भरून आले. लाज न बाळगता मी त्या परक्या घरात रडले. दोन वर्षांचा शीण निघून गेला. त्यांच्या लेकीने, उत्कर्षाने, चहा आणून ठेवला.

"व्हेंजन्स नावाचं विमान होतं," ते सांगत राहिले. "दोन माणसांचं. पुढे पायलट, मागे त्याच्याकडे पाठ करून बसलेला मशीनगनवाला. हे विमान आडवं जाता जाता बॉम्ब टाकत नसे. उंचावरून नाक खाली करून सरळ दगडासारखं खाली यायचं आणि जमिनीजवळ बॉम्ब सोडून वर निघायचं. त्या दिवशी दत्तोबांचं विमान खाली गेलं ते वर आलंच नाही. जंगलात शोध लागला नाही, म्हणून बेपत्ता."

"एवढ्या घनदाट जंगलात शत्रूची जागा वरून कशी सापडायची?" मी विचारलं. भूगोलाच्या बाईंना दुसरं काय सुचणार?

"सापडायचीच नाही. म्हणून खालची आपली फौज त्या जागेवर धुराचे गोळे टाकायची. धूर दिसला की नाक खाली आणि धुरावर झेप. पहिला बॉम्ब लांब पडला तर दुसरा त्याच्या अलीकडे, तिसरा अजून अलीकडे. लागेपर्यंत."

माझ्या हातात चहाची बशी होती. मी ती खाली ठेवली.

"धुराच्या शेजारी घर असलं तर?"

"घर?" ते जरा गोंधळले. "अहो, एकदा विमान सरळ खाली निघालं की पायलटला धुराशिवाय काही दिसत नाही. घर नाही, झाड नाही, माणूस नाही. त्याच्या लेखी धुराचा अर्थ एकच."

घड्याळात मी वेळ पाहिली नाही. दारातली ऊन पडलेली फरशी पाहिली. दुपार कलली होती.

५

रणजितला फोन लावला. तो उसाची गाडी घेऊन कारखान्यावर, मागे ट्रॅक्टरचा घणघणाट. "आत्याला धूर करू देऊ नको," मी म्हणाले. "आगं पर का?" तो म्हणाला. याचं मी काय सांगणार होते? सोनम जत्रेला गेली होती. घरी आत्या एकटी.

स्कूटर चालवताना मी स्वतःशी भांडत होते. माधवी, तू शिकलेली बाई आहेस. हुमणी. क्षार. निचरा होत नसेल जमिनीचा. हे सगळं म्हणत होते आणि मूठ अजून पिळत होते. खरं असो नसो, धूर विझवल्याने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. म्हातारी रडली असती, तिला मी समजावलं असतं.

लांबूनच धूर दिसला. वारा पडलेला, धूर दोरीसारखा सरळ वर गेलेला.

आत्या नवं लुगडं नेसून, केस विंचरून धुराजवळ पाटावर बसली होती. मी गाडी तशीच टाकली आणि तिच्या कानाशी वाकले.

"आत्या, धूर विझवायचा! आत्ता!"

तिने हाताने मला बाजूला सारलं. मग मला वाटलं, हिला उत्तर हवंय ना, ते दिलं की ऐकेल. मी पुन्हा ओरडले, "दादा पायलटच होते! सापडलं! विमान घेऊनच गेले!"

आत्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. दोन वर्षं ज्या क्षणासाठी मी जिवाचं रान केलं तो हा क्षण, आणि मला तो थांबवायचा होता.

"मंग! मी काय सांगत हुते समद्यांस्नी!" ती म्हणाली, आणि शेजारच्या ढिगातलं कवळभर पाचट उचलून तिने गोवऱ्यांवर घातलं. धूर दाट झाला, पांढरा झाला.

मी हौदाकडे धावले, बादली बुडवली. वळते तर आत्याने मान वर केली होती. फोनची घंटा, सोनमची हाक, कुत्र्याचं भुंकणं, यातलं काहीही ऐकू न येणारी माझी आत्या वर बघून कान देत होती.

मग मलाही ऐकू आलं. बारामतीवर शिकाऊ विमानं रोज घिरट्या घालतात, त्यांची घरघर मला पाठ आहे. हा आवाज त्यातला नव्हता. जड होता आणि लांबून जवळ येत नव्हता. तो नुसता वरून खाली येत होता. उसाची सळसळ बंद झाली. मी वर पाहिलं. निरभ्र आभाळ, एक घारसुद्धा नाही.

खाली पाहिलं तेव्हा पट्टीवर सावली होती. मळकट, फिकी, आणि बघता बघता काळी होत चाललेली. ती सरकत नव्हती. जागच्या जागी गडद होत होती. तिला रुंद पंख होते, आणि पाठीवर दोन उंचवटे. मागचा उंचवटा हलला आणि त्यातून हातासारखं काहीतरी वर झालं.

आत्या उठून उभी राहिली आणि सावलीच्या दिशेने पदर हलवू लागली. "दादा! हितं रं, दादा! हितं!"

मी बादली गोवऱ्यांवर उपडी केली. चर्र झालं. दुसरी आणली. आत्याने माझं मनगट धरलं, तिच्या हाडांत एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. तिला ढकलून मी दुसरी बादली ओतली, ती पाटावर कोसळली, मी पायांनी, हातांनी ओला राडा विस्कटला, पोळलं तरी विस्कटत राहिले. आवाज आता माझ्या दातांत होता. धुराची शेवटची रेघ तुटली.

आवाज डोक्यावरून फाटत वर गेला. उसाचे शेंडे सगळे एकदम पलीकडे झोपले आणि उभे राहिले. पट्टीवर ऊन पडलं होतं, नुसतं ऊन.

६

आत्याला मी पोटाशी धरून बसवलं. तिला खरचटलं होतं, बाकी धडधाकट होती. ती माझ्या खांद्यावर रडत होती आणि मीही रडत होते. सुटकेचं होतं माझं रडणं. आत्या वाचली, याच्यापुढे मला काही नको होतं.

"इझीवलास गं," ती म्हणत होती. "आता त्याला घर कसं दिसंल? येवडा जवळ आलता."

"तो आत्या, तो..." मी तिच्या कानाला लागले. पण कुठल्या तोंडाने सांगू? इतकी वर्षं तुम्ही मायलेकी त्याला घर दाखवत नव्हता, असं?

तिचं रडणं मध्येच थांबलं. ती पुन्हा कान देऊ लागली. मलाही येत होता तो आवाज, पातळ झालेला, उंचावर. तो गेला नव्हता. वर कुठेतरी सावकाश गोल फिरत होता.

"फिरला बग," आत्या म्हणाली आणि शेजारच्या कळंब गावाच्या बाजूला बोट केलं. "दुसऱ्याच्या दारात चाललाय माझा दादा."

मी पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून स्लॅबवर चढले. हंगाम ऐन भरात होता. ऊस तुटलेल्या रानांत लोकांनी पाचट पेटवलं होतं. कळंबकडे एक धूर. त्याच्या अलीकडे दोन. ओढ्यापलीकडे, जिथे ऊसतोड टोळीने पाचटाच्या झोपड्या, कोप्या, घातल्या होत्या, तिथे एक, चांगला जाड. कोप्यांपुढे बायका चुली पेटवत होत्या, लुगड्यांचे रंग इथून दिसत होते. नजर जाईल तिकडे धूर, सगळे वाऱ्याविना सरळ उभे.

आवाज गोल फिरायचा थांबला.

मी रणजितला फोन लावला. टोळीच्या मुकादमाला सांग, म्हणाले, आग विझवा, चुलीसुद्धा, सगळे बाजूला व्हा. काहीही कारण सांग, गॅस फुटला म्हण.

"ताई, डोकं फिरलंय का तुझं? हंगाम हाय. समद्या तालुक्यात धूर हाय. कुणाकुणाचा इझिवत फिरणार हाईस?"

"ओढ्यापलीकडचा आधी," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आत्याला घरात नेऊन दाराला बाहेरून कडी लावली. फवारणीचे दोन कॅन हौदात बुडवून पाण्याने भरले, स्कूटरच्या मागच्या सीटला दोरीने बांधले. पोळलेल्या तळव्यात मूठ धरवत नव्हती, तिच्याभोवती पदर गुंडाळला. मग मी पट्टीवरून आडवी गाडी घातली आणि ओढ्याच्या रोखाने निघाले.